सागर रक्षक दल की एनसीसी: तळाचं फाटक कुणाला उघडतं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांना दोन्ही वाटा खुल्या: किनाऱ्यावर नजर ठेवणारं गावकरी-मच्छीमारांचं सागर रक्षक दल, नाहीतर एनसीसी. पण नौदलाच्या नाहीतर तटरक्षक दलाच्या फाटकावर दोघांचं वजन सारखं नाही.

एनसीसीच्या नौदल विंगचा कॅडेट आत जातो तो शिबिरासाठी किंवा जहाजावरच्या प्रशिक्षणासाठी. यादीत नाव असतं, सोबत अधिकारी असतो. एकट्याने गणवेश चढवून गेलात तर पहारेकरी परतच पाठवणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. एनसीसी कायदा १९४८ चा, पण त्यातून कॅडेट सैनिक होत नाही.

सागर रक्षक दलाचं नातं सागरी पोलीस ठाण्याशी. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर या गावकरी-मच्छीमारांचं मोल वाढलं. दलात असलात म्हणून तळावर प्रवेशाचा हक्क मिळत नाही. बोलावणं आलं तरच जायचं. खरं तर यांना आत जायची गरजच कमी. अनोळखी होडी दिसली की सागरी पोलिसांचा १०९३ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवायचा, काम झालं.

मोबाइल मात्र दोघांनीही सांभाळावा. तळ हे १९२३ च्या शासकीय गुपितं कायद्याखाली निषिद्ध ठिकाण, तिथली सेल्फी अंगाशी येऊ शकते.

तळ आतून बघायची हौस असेल तर एनसीसी. माझं मत विचाराल, तर खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्याने रक्षक दलच धरावं.