भाजणी विकतची, चकली घरची : एका फराळ सेवेचा अनुभव

आमच्या घरी दिवाळीचा फराळ विकत आणण्याचा विषय याआधी दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा "भाऊबीजेला येणाऱ्यांपुढे दुकानातली चकली ठेवायची का?" या सासूबाईंच्या एका प्रश्नाने मिटला. २०२५ साली वसुबारस १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी होती, माझी सुट्टी सोमवारपासून होती आणि सासूबाईंचे गुडघे ओट्याशी उभे राहू देत नव्हते, म्हणून मी पुण्यातील एका घरगुती फराळ सेवेकडे मागणी नोंदवली. पुढे तक्रारही आहे, त्यामुळे तिचे नाव देत नाही.

ही सेवा तयार पदार्थांबरोबरच चकलीची भाजणी आणि अनारशाचे पीठही विकते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल त्यातच आहे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून पंचावर पसरायचे, दमट असतानाच दळून चाळायचे आणि गूळ घालून गोळे मुरत ठेवायचे. घरात दरवर्षी होणारी कुरबुर बहुतेक या तयारीपायीच होते, कारण पाणी बदलायचे कोण विसरले याचा हिशेब लक्ष्मीपूजनापर्यंत चालू राहतो. तळायला बसले की मात्र सगळ्यांचा सूर बदलतो.

पिठाची चिमूट जिभेवर ठेवून सासूबाई "गूळ बरा आहे" एवढेच म्हणाल्या. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडलेला पहिला अनारसा चक्क हसला आणि कढईभर पसरला. त्यांनी खुर्चीत बसूनच पिठात थोडी तांदळाची पिठी मळून दिली आणि दुसरा घाणा सुरेख जाळीदार उतरला. भाजणीला असले काही करावे लागले नाही. धने-जिऱ्याचा वास ताजा होता आणि मोहन नेहमीइतकेच घालूनही चकली खुसखुशीत झाली, सोऱ्यातून पडताना तुटली नाही.

तयार पदार्थांबद्दल एवढे चांगले लिहिता येत नाही. चिरोट्यांचा डब्यात चुरा झाला होता, करंजीतल्या खोबऱ्याला खवट वास होता आणि गुरुवारी मिळायचा डबा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आला, तोही मी चार वेळा दूरध्वनी केल्यावर. करंज्यांचे पैसे त्यांनी वाद न घालता परत केले, पण सणाच्या तोंडावर डब्याची वाट पाहण्याचा ताण काही त्याने भरून निघाला नाही. पीठ हवे असल्यास ते दसऱ्यानंतर लगेच मागवावे आणि करंज्या घरीच कराव्यात किंवा सोडून द्याव्यात.

भाऊबीजेला नणंदेने अनारशाचे कौतुक केले, तेव्हा सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरचेच आहेत." पुढच्या दिवाळीसाठी दोन किलो भाजणी मागवायची, असे त्यांनीच सुचवले आहे.