नऊ महिने सासरचं खानदान शोधलं, सबस्क्रिप्शनचे पैसे वसूल झाले का?

मागच्या थँक्सगिव्हिंगला सासूबाईंनी एक बुटांचा खोका माझ्यापुढे ठेवला. आत काळेपांढरे फोटो, पानं सुटत आलेलं बायबल, पेपरातली कात्रणं. त्यांच्या घरात एकच गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ, की आपले लोक ओहायोवरून आले आणि लिंकनने फुकट जमीन दिली. नवरा आयोवाचा, मी सांगलीची, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मलाही एवढंच माहीत. म्हटलं बघू, आणि त्याच रात्री सेल चालू होता म्हणून वंशावळीच्या एका मोठ्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं. साइटचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी पण आहेत.

आठवड्यातून तीन-चार रात्री, मुलं झोपली की बसायचे. आता नऊ महिने झाले म्हणून लिहितेय, इथे सून किंवा जावई म्हणून आलेल्या कोणाला उपयोग होईल.

पहिला आठवडा नुसती मजा. नाव टाकलं की जनगणनेचं मूळ पान समोर येतं, कोणीतरी दारोदार फिरून टाकानं लिहिलेलं. ७२ वर्षं पानं बंद ठेवायचा नियम आहे त्यामुळे सध्या सगळ्यात नवीन म्हणजे १९५० ची, ती २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडली. तिथून सासऱ्यांचं बोट धरून मागे मागे जायचं, १९०० पर्यंत काही अडत नाही. मग खड्डा. १८९० ची जनगणना १९२१ ला वॉशिंग्टनमधल्या आगीत गेली, नावाला काही तुकडे उरलेत. आयोवावाल्यांचं नशीब बरं, राज्याची स्वतःची वेगळी जनगणना व्हायची, १८८५ आणि १८९५ ची पानं आहेत त्यावरून उडी मारता आली. आणि १८५० च्या मागे गेलात की घरातल्या कर्त्याचं फक्त नाव, बायकापोरं म्हणजे वयाच्या रकान्यात नुसते आकडे.

मला सगळ्यात आवडलं ते १८६० चं पान. आयोवातल्या पॉवशीक काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) घर, नवरा पेनसिल्व्हेनियाचा, पहिली दोन मुलं ओहायोत जन्मलेली, मधली दोन इंडियानात, शेंडेफळ आयोवात. म्हणजे पोरांच्या जन्मगावांवरून बैलगाडी कुठून कुठे गेली ते आपोआप कळतं, बायको प्रत्येक ठिकाणी बाळंत होत होत पश्चिमेला सरकली बिचारी. १८५६ च्या राज्याच्या जनगणनेत तर राज्यात येऊन किती वर्षं झाली हा रकानाच आहे, तिथे २ लिहिलंय. म्हणजे १८५४.

आता त्रास. साइटचा सर्च चालतो तो अक्षर वाचून टाइप केलेल्या यादीवर, मूळ पानावर नाही, आणि ती यादी दिव्य आहे. आमच्या आडनावात दोन एस लागोपाठ येतात. जुन्या अक्षरात त्यातला पहिला एस लांब काढायचे, एफसारखा, आणि दोन्ही मिळून पी दिसतो, म्हणजे रॉस असेल तर रॉप. हे कळेपर्यंत १८५० मध्ये आमचं घर सापडतच नव्हतं, तीन आठवडे गेले. शेवटी आडनाव न टाकता नुसतं पहिलं नाव, वय आणि काउंटी टाकल्यावर इंडियानातल्या एल्खार्ट काउंटीत सापडले. तिथे अजून एक गंमत, यादीत पोरांचा जन्म आयोवा. मूळ पान उघडलं तर आय-ए लिहिलंय, आणि त्या काळी इंडियानालाही लोक आय-ए लिहायचे. तेव्हा पान स्वतः उघडून बघा, यादीवर विसंबू नका.

यादी परवडली, हिंट नको. साइट सारखी सुचवत राहते की अमक्याच्या ट्रीमध्ये, म्हणजे त्याने साइटवर बनवलेल्या वंशावळीत, तुमचा माणूस आहे, एक क्लिक करा. मी केलं. एका रात्रीत चार पिढ्या मागे, थेट जर्मनीतल्या एका गावात, मी तर नवऱ्याला उठवून दाखवलं. दीड महिना ते घेऊन मिरवलं, सासूबाईंनी चर्चमध्ये सांगून पण झालं. मग एके दिवशी मृत्युपत्र समोर आलं, ओहायोतल्या स्टार्क काउंटीतलं, १८४९ चं, त्याच माणसाचं. १८४९ ला मेलेला माणूस १८५४ ला आयोवात घर बांधायला कसा आला? एकाच काउंटीत एकाच नावाचे दोघे होते, वयात दोन-तीन वर्षांचा फरक, बायको दोघांचीही मेरी. कोणीतरी एकदा दोघांना जोडलं आणि बाकीच्यांनी डोळे झाकून कॉपी मारली, मी मोजलं तेव्हा २६ ट्रीमध्ये तीच चूक होती. त्या ट्रीवाल्यांपैकी दोघांना लिहिलं, एकाने उत्तरच दिलं नाही, दुसऱ्याने मलाच पुरावा मागितला.

सासूबाईंना सांगायला माझी जीभ रेटेना. (त्या म्हणाल्या चर्चमध्ये आता गप्प बसू.)

इथून पुढे जे सापडलं ते बरंचसं पैसेवाल्या साइटच्या बाहेर. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची साइट आहे, तिथे सरकारने पहिल्यांदा जमीन ज्याला दिली त्याची सनद फुकट बघायला मिळते, तिला इथे पेटंट म्हणतात. जमिनीचा हिशोब सरळ, सहा मैल लांब सहा मैल रुंद टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकर, त्याचा पाव म्हणजे १६०. आमच्या माणसाची १६० एकरची सनद १८५६ ची निघाली. लिंकनच्या काळातला, फुकट जमीन देणारा होमस्टेड कायदा १८६२ चा. म्हणजे लिंकनचा काही संबंध नाही! सनदेवर वर नाव भलत्याच एका सैनिकाचं होतं त्यामुळे मी परत गोंधळले, मग वाचून कळलं की लढाईवर गेलेल्यांना सरकार जमिनीचे वॉरंट, म्हणजे जमीन मिळण्याच्या हक्काचे कागद, द्यायचं, ज्यांना शेती करायची नसायची ते विकून मोकळे व्हायचे आणि दलालांकडून ते सेटलर लोक घ्यायचे. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर, वॉरंट सहसा त्याहून स्वस्त पडायचं. सासूबाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, म्हणजे कोणीच काही फुकट दिलं नव्हतं तर.

आणि ही जमीन कोणाची होती हे त्या खोक्यात कुठेच नव्हतं. पॉवशीक हे नावच मुळात इथल्या मूळच्या मेस्क्वाकी जमातीच्या एका सरदाराचं आहे. १८४२ च्या करारात त्यांच्याकडून जमीन गेली आणि त्यांना कॅन्सासकडे हाकललं, त्यातले काही परत आले, आणि १८५७ मध्ये शेजारच्या टामा काउंटीत त्यांनी ८० एकर स्वतःच्याच मुलखातली जमीन १००० डॉलर मोजून विकत घेतली. आमच्या लोकांच्या सनदेच्या पुढच्याच वर्षी. सव्वा डॉलरच्या हिशोबाने बघा किती पट झाले ते. नवऱ्याच्या घरी यावर कोणी फार बोललं नाही, मीही जास्त ताणलं नाही, पण ट्रीमध्ये त्या सनदेच्या खाली नोट लिहून ठेवलीय.

बरं, ते दोन माणसांचं कोडं. लायब्ररीत वंशावळीच्या कोपऱ्यात बसणाऱ्या एक आजी आहेत, व्हॉलंटियर, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की बाई तू आडनाव सोड आणि शेजारी बघ, एकटा कोणी येत नव्हता. घरी येऊन १८६० चं पान परत काढलं, वरची आणि खालची घरं बघितली. दोन घरं सोडून एक आडनाव. तेच आडनाव १८५० ला इंडियानात, लागूनच. आणि १८४० ला स्टार्क काउंटीत एकाच नावाचे ते दोघे आहेत ना, त्यातल्या एकाच्या खाली चौथ्या ओळीत तेच शेजारी! दुसऱ्याच्या आसपास कोणी नाही. म्हणजे आमचा हा.

हे लोक कोण एवढे चिकटून, ते १९२५ च्या आयोवाच्या राज्य जनगणनेत कळलं. त्यात प्रत्येकाच्या आईचं माहेरचं आडनाव विचारलंय, ही एक गोष्ट मी कुठल्याच दुसऱ्या जनगणनेत बघितली नव्हती. १८६० चं ते शेंडेफळ, एक मुलगी, १९२५ ला ६६ वर्षांची म्हातारी होऊन लेकाकडे राहत होती. तिच्या ओळीत आईच्या रकान्यात तेच शेजाऱ्यांचं आडनाव. मेरीचे भाऊ होते ते. तीन राज्यं बहिणीच्या शेजारी घर बांधत आले.

रात्रीचे दीड वाजले होते, मी सांगलीला आईला फोन लावला कारण तिथे दुपार होती. ती म्हणाली आमच्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांपर्यंत सगळे पुरुष सापडतात, पण माझ्या आजीचं माहेरचं नाव विचारशील तर मलाही सांगता येणार नाही.

आता पैशाचं. साइटवर पानांचा साठा प्रचंड आहे, चित्रं स्वच्छ दिसतात, त्यात वाद नाही. पण वर्षाचं घेऊ नका. आधी फॅमिलीसर्चवर खातं काढा, ती मॉर्मन चर्चची आहे आणि फुकट आहे, जनगणनेची बरीच पानं तिथेच मिळतात. गावच्या लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी पैसेवाल्या साइट लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर फुकट चालतात, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. जुने पेपर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. १८६० चं शेतीचं वेगळं पत्रक मिळालं तर सोडू नका, आमच्याकडे ३१ डुकरं होती हे वाचून सासूबाई डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या. डीएनए किट मी घेतलं नाही, त्यावर काही बोलत नाही.

पेनसिल्व्हेनियात अजून अडलेय. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कला बोटीने येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथे, नाव बदललं असं दीर सांगत असतो, पण ते १८९२ ला सुरू झालं, हे तोपर्यंत आयोवात म्हातारे झाले होते.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापला तो ऑटो-रिन्युअलचं बटण सेटिंगमध्ये चार पानं आत लपवलंय म्हणून. माझी तारीख नोव्हेंबरची आहे, कालच बंद करून स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.