हिरड्यांसाठी ओझोनचं पाणी: जादाचे ५०० रुपये द्यावेत का?

शिरोली एमआयडीसीत बाटलीबंद पाण्याच्या प्लांटवर ओझोनेटर, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा ओझोन वायू सोडणारं मशीन, माझ्याकडे असतो. त्यामुळे कोल्हापुरातल्या दातांच्या दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, "काका, स्केलिंगसोबत ओझोनच्या पाण्यानं हिरड्या धुऊन घेऊया, दरवेळी ५०० जादा होतील," तेव्हा मी आधी मशीन बघितलं.

मला शुगर आहे. ब्रश केला की रक्त यायचं, मागच्या दाढा दुखायच्या. मॅडमनी खुणांची बारीक सळई हिरडीत घालून खोली मोजली. ३ मिलिमीटरच्या आत असायला हवी ती ६ पर्यंत गेलेली. मग उजवी बाजू बधिर करून मुळांवरचं कीटण खरवडून काढलं, म्हणजे स्केलिंग. खरं काम ते, आणि मॅडमचा हात हलका आहे. शेवटी वाकड्या सुईच्या सिरिंजनं हिरडीच्या फटीत ओझोनचं पाणी सोडलं. आग नाही, चव नाही, वास मात्र आमच्या प्लांटवरच्या बाटल्या भरायच्या खोलीचा! क्लोरहेक्सिडिननं (जंतू मारणारं गुळण्यांचं औषध) जीभ बधिर होते, दात तपकिरी पडतात, तसलं काही झालं नाही.

पाणी माझ्यासमोर तयार केलं, याचे पूर्ण मार्क. ओझोन टिकत नाही. साध्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यातला निम्मा साधारण २० मिनिटांत उडतो, त्याचा परत ऑक्सिजन होतो. तोंडात तर लाळ, रक्त आणि पू त्याला क्षणात संपवतात. क्लोरहेक्सिडिन निदान काही तास दातांना धरून राहतं. घरी न्यायला बाटली मिळेल का, असं मुद्दाम विचारून बघितलं. मॅडम हसून नाही म्हणाल्या. कुणी असली बाटली विकत असेल तर सरळ उठून या.

खटकलं ते एवढंच, की एसीसाठी खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट फॅन नाही. ओझोन फुप्फुसाला चांगला नाही. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम तर त्याचा वैद्यकीय उपयोगच मानत नाही, आणि उपकरणामुळे बंद खोलीच्या हवेत तो ०.०५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग) वर साचू देत नाही. आमच्याकडे फॅन बंद असला तर सुपरवायझर बोंब मारतो.

पुढच्या तपासणीत उजवीकडची खोली ४ वर आली, रक्त थांबलं. पण त्या काळात मी दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज वापरत होतो आणि शुगरही आटोक्यात होती. नुसतं स्केलिंग आणि स्केलिंग अधिक ओझोन अशी तुलना करणाऱ्या अभ्यासांत बहुतेक वेळा फरक थोडा किंवा नाहीच, हे मॅडमनीही कबूल केलं.

स्केलिंगसाठी दवाखान्याला पाचपैकी साडेचार, ओझोनला दोन. डाव्या बाजूला फक्त स्केलिंग करा म्हणून सांगितलंय. मॅडमनाही उत्सुकता आहे, दोन्हीकडचे आकडे एकाच कागदावर लिहून ठेवते म्हणाल्या.