आज रात्री 'उझाक' लावू की 'येराल्ती'?

तुर्की म्हटल्यावर हिंदीत डब केलेल्या मालिकांमधले रडके नायक-नायिका आठवत असतील तर या दोन्ही चित्रपटांत त्यातलं काही सापडणार नाही. दोन्ही कमी पैशांत काढलेले, दोन तासांच्या आतले. दोन्हींत एकटा राहणारा, मनाने आकसलेला पुरुष आहे. तरी एक आवडला म्हणजे दुसरा आवडेलच असं नाही.

'उझाक' (2002, इंग्रजी नाव 'डिस्टंट') नुरी बिल्गे जेलानचा. लेखन, छायाचित्रण, निर्मिती सगळं त्यानेच केलं, हातावर मोजण्याइतकी माणसं घेऊन आणि चक्क स्वतःच्या फ्लॅटमध्ये. इस्तंबूलमधल्या महमूत या फोटोग्राफरकडे गावाकडचा युसुफ येऊन थडकतो. कारखान्यातली नोकरी गेली आहे, आता त्याला जहाजावर काम हवंय. पाहुणा दोन दिवसांचा नाही हे कळल्यावर यजमानाचा चेहरा कसा बदलत जातो, एवढंच कथानक. महमूतचं चांदीचं घड्याळ सापडत नाही, संशय अर्थातच युसुफवर. मग ते महमूतलाच एका डब्यात सापडतं आणि तो गप्प बसतो. युसुफला सांगतही नाही! पाहुणचार करून वैतागलेल्या कुणालाही हा प्रसंग झोंबेल. स्वयंपाकघरात चिकटपट्टीवर अडकलेल्या उंदराचा प्रसंग मात्र जेवताना पाहू नका.

या चित्रपटाला 2003 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं. अभिनयाचं पारितोषिक महमूत झालेला मुजफ्फर ओझदेमिर आणि मेहमेत एमिन तोप्राक यांना विभागून मिळालं, पण युसुफ झालेला तोप्राक त्याआधीच मोटार अपघातात गेला होता. तो दिग्दर्शकाच्या नात्यातलाच होता. तुर्कस्तानातल्या अंताल्याच्या चित्रपट महोत्सवातही 'उझाक' पहिला आला. पण घरच्या थिएटरांत गर्दी झाली नाही. 'काही घडतच नाही' ही तक्रार तेव्हाही होती आणि आजही पाहणारे करतात. ती खोटी नाही. पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी वाटली तर पुढे वेग वाढेल या आशेवर बसू नका.

'येराल्ती' (2012, इंग्रजी नाव 'इनसाइड') झेकी देमिरकुबुझचा. तुर्कस्तानातल्या 1980 च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस. दोस्तोयेव्हस्कीच्या 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड'वरून त्याने अंकारातला सरकारी नोकर मुहर्रेम उभा केला. महमूत जे गिळतो, ते मुहर्रेम ओकतो. जुन्या मित्रांच्या मेजवानीत नको असताना घुसतो, पितो, जुनी उणीदुणी काढतो आणि टेबलावरचा एकेक चेहरा पडत जातो. मुहर्रेम झालाय एंगिन ग्युनायदिन, तुर्कस्तानात टीव्हीवरच्या विनोदी भूमिकेमुळे घराघरात पोहोचलेला. म्हणून आपण हसतो, आणि हसल्याचं लगेच वाईट वाटतं. अभिनयात माझं मत इथे, ओझदेमिरची क्षमा मागून.

परदेशात 'उझाक'इतका गवगवा याचा झाला नाही. घरी मात्र चर्चा झाली, आणि त्यातली बरीच मेजवानीच्या टेबलावर बसलेल्या एका मित्राबद्दल, पुरस्कारविजेत्या लेखकाबद्दल होती. तो जेलानवरचा टोमणाच आहे, असं अनेक तुर्की प्रेक्षकांनी मानलं. दुसरी तक्रार मुहर्रेमचा राग येतो ही, पण चित्रपटाचं कामच तर ते आहे.

थोडक्यात निवडायचं तर असं: घर शांत असेल, फोन बाजूला ठेवता येत असेल तर 'उझाक'. चार जण मिळून पाहणार असाल, नंतर वाद घालायची हौस असेल तर 'येराल्ती'. त्यात संवाद भरपूर, सबटायटल्स भराभर सरकतात, त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर नको. आणि दोन्ही पाहायचेच असतील तर 'उझाक' आधी, नाहीतर मेजवानीतला तो टोमणा डोक्यावरून जाईल.