झटक्यांचं औषध बदलून सात महिने: औषध पास, टोपण नापास

परवा नव्या बाटलीच्या खोक्यातून मापाच्या टोपणाऐवजी औषध मोजायची पिचकारी निघाली आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या रडले. सात महिने त्या टोपणाशी झगडतेय.

मुलगा आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), वजन अठरा किलो. गोळी गिळता येत नाही म्हणून सगळं सिरपवर. चार वर्षं सोडियम व्हॅलप्रोएट हे झटक्यांचं औषध दिलं. झटके आटोक्यात होते, पण हात थरथरायला लागले आणि दर रिपोर्टला रक्तातल्या प्लेटलेट्स खाली. डॉक्टरांनी लेव्हेटिरासिटॅम या झटक्यांच्याच दुसऱ्या औषधावर न्यायचं ठरवलं. नवं चढवत न्यायचं आणि जुनं हळूहळू उतरवायचं, हे झटके येणाऱ्या मुलांच्या बहुतेक आईबापांना माहीत असेल. जुनं एकदम तोडलं तर झटके उसळून येतात, तेवढं कुणीही आपल्या मनाने करू नका.

तर टोपण. या सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. अर्धा मिलि इकडचा तिकडे झाला की ५० मिलिग्रॅमचा फरक. आणि टोपणावर खुणा दोनच, अडीच आणि पाच मिलि. आमचा डोस दीडपासून सुरू, मग अडीच, मग साडेतीन, सकाळ-संध्याकाळ. दीड आणि साडेतीन बघायचे कुठे? खुणा प्लास्टिकमध्येच उठवलेल्या, रंग नाही, औषध पाण्यासारखं. रात्री नऊला ट्यूबखाली टोपण डोळ्यांसमोर धरून मी श्वास रोखून उभी. शिवाय पाजल्यावर कडेला थोडं चिकटून राहतंच. ते चमचाभर पाण्यात विसळून पुन्हा पाजायचं. एवढं महाग औषध मोरीत जाऊ देणार नाही मी.

शेवटी मेडिकलमधून पाच मिलिची इंजेक्शनची सिरिंज आणली, सुई काढून टाकली. दहा रुपयांत काम झालं. पण धुऊन धुऊन दोन आठवड्यांत आकडे पुसले. साडेतीनवर नेलपॉलिशची लाल रेघ मारली. ती रेघ आमच्या घरात अजून आहे.

आता औषधाबद्दल. पहिल्या दीड महिन्यात लिहिलं असतं तर मी एकच तारा दिला असता. अडीचवर गेलो आणि पोरगं ओळखू येईना. स्वतःचा हात चावायचा, बहिणीच्या अंगावर जायचा, रात्री दोनला उठून तासभर रडायचा. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, औषध बदललंस आणि पोरच बदललं की!’’ त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. मी दिवस, वेळ आणि काय झालं ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं. या औषधाने काही मुलांत चिडचिड वाढते, हे माहीत असलेलंच आहे म्हणाले. मग आधी का नाही सांगितलं? माझा खरा राग इथे आहे. दोन वाक्यं आधी सांगितली असती तर लेकराला मी दोनदा जोरात ओरडले नसते. त्यांनी डोस वाढवायचा थांबवून अडीचवरच ठेवला, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) दिलं. पायरिडॉक्सिनने उतरलं की अंगवळणी पडलं, मी सांगू शकत नाही, पण आणखी महिनाभरात तो रात्रभर झोपायला लागला. मग साडेतीन.

अदलाबदलीच्या काळात एक मोठा झटका आला. सासूबाई कांदा घेऊन धावल्या, मी अडवलं. कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. साडेतीन मिनिटांत थांबला. पाच मिनिटांवर गेला तर द्यायचा झटका थांबवणारा नाकातला मिडाझोलमचा स्प्रे उशाशी तयार होता, उघडावा लागला नाही. त्यानंतर आजवर एकही नाही. प्लेटलेट्स वर आल्यात.

एक सांगते, बाटलीचा हिशेब ठेवा. १०० मिलिची बाटली, रोज सात मिलि, म्हणजे चौदा दिवस. एका रविवारी संध्याकाळी तळ दिसला आणि जवळच्या दुकानदाराने ‘‘सॉल्ट सेमच आहे ताई’’ (म्हणजे आतलं औषध तेच) म्हणत दुसऱ्या कंपनीची पुढे केली. आमच्या डॉक्टरांनी कंपनी बदलू नका म्हणून बजावलेलं. ह्यांनी आमच्या नाशिकच्या इंदिरानगर बोगद्यातली गर्दी काढत शहरभर फिरून तीच आणली. आता गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून दोन-दोन घेऊन ठेवतो.

माझं मत बदललंय, औषधाला चार तारे. हाताची थरथर गेली, तो मोसंबीची फोड स्वतः उचलून तोंडात घालतो. टोपणाला शून्यच.

आज दुकानदाराकडे चौकशी केली. त्याच्याकडच्या बाकीच्या खोक्यांत जुनं टोपणच आहे. आलेली पिचकारी कोमट पाण्याने धुतेय, उकळत नाही आणि आकड्यांवरून घासणी फिरवत नाही.