क्वीनच्या तीन सीडी, सात महिने आणि एकच प्रश्न: हे गाणं कुणाचं?

दसऱ्याला पुण्यातून क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या तीन जुन्या सीडी घेतल्या: ‘ग्रेटेस्ट हिट्स’ (१९८१), ‘ग्रेटेस्ट हिट्स टू’ (१९९१) आणि ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५). आता मे संपत आलाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशिन शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. ऑफिसच्या टेबलावर जुना सीडी प्लेअर असतो आणि या सात महिन्यांत त्यावर रोज यातली एक तरी सीडी वाजली आहे. लगेच लिहायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं.

ऐकण्याची पद्धत जरा वेगळी ठेवली, ती वडिलांमुळे. आमच्या घरी सांगली आकाशवाणी लागायची आणि गाण्याआधीची निवेदकाची ओळ वडील गाण्याइतकीच लक्ष देऊन ऐकायचे. गीत ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके. बाबूजी कोल्हापूरचे म्हणून ते नाव आलं की त्यांचा चेहरा खुलायचा. खेबुडकरांचं नाव आलं तरी तसंच. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कुणी, ही तीन नावं सांगितल्याशिवाय आपल्याकडे गाणं सुरूच व्हायचं नाही. रॉक बँडचं तसं नसतं. बँडचं एक नाव आणि त्यामागे सगळे. क्वीनच्या बाबतीत तर लोक फ्रेडी मर्क्युरीपाशी येऊन थांबतात, मीही वीस वर्षं थांबलो होतो. पण या बँडमध्ये चौघेही गाणी लिहायचे: गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, बेसवर जॉन डीकन, ड्रम्सवर रॉजर टेलर. शब्द आणि चाल बहुतेक वेळा एकाचीच. मग वहीत चौघांची चार पानं केली आणि प्लेअरच्या प्रोग्रॅम बटणानं एका वेळी एकाचीच गाणी लावायला लागलो.

पहिल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये सतरा गाणी आहेत. फ्रेडीची दहा, ब्रायनची पाच, जॉनची दोन. रॉजरचं एकही नाही. ब्रिटनमध्ये सत्तर लाखांहून जास्त खपलेल्या या अल्बममध्ये बँडच्या एका गीतकाराचं पान कोरं आहे, हे इतकी वर्षं ऐकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फ्रेडीपासून सुरुवात केली. ‘किलर क्वीन’, ‘समबडी टू लव्ह’, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’, ‘बोहेमियन रॅप्सडी’. या माणसाला एक युक्ती दोनदा वापरायचा कंटाळा असावा. ‘समबडी टू लव्ह’मध्ये तिघांचेच आवाज एकावर एक चढवून चर्चमधल्या गायकवृंदासारखा घोष उभा केलाय आणि ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ म्हणजे अगदी साधं, जुन्या रॉक अँड रोलच्या वळणाचं गाणं, ज्यात तो स्वतः गिटार धरतो. साताऱ्याच्या पुढे वाईचा पसरणी घाट चढला की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा मुलगा आठव्या वर्षी झांझिबारहून शिकायला आला, तिथे पियानो शिकला, शाळेतल्या पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये बसला. पुढचा फ्रेडी मर्क्युरी तो हाच. शाळेची सहल पाचगणीला गेली होती तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, त्याची हळहळ मला अजून आहे.

पण सलग महिनाभर फक्त फ्रेडी ऐकताना एक गोष्ट जाणवली. त्याची गाणी समोर बसून ऐकायला लागतात. ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं आहे आणि त्यात बॅलड, ऑपेरा, हार्ड रॉक असं सगळं येतं. ते लावून ड्रॉइंग वाचता येत नाही. चौथ्या आठवड्यात कान थकले. दोष गाण्यांचा नाही, ती कामाच्या जागेसाठी केलेलीच नाहीत. रविवारी सकाळी घरी मात्र तीच लागतात.

ब्रायन मेचं प्रकरण आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडणारंच. त्याची गिटार, रेड स्पेशल, त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला, म्हणजे सूर थरथरवणाऱ्या दांडीला, जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग. हे मी शॉपमध्ये सांगितलं तेव्हा आमच्या वयस्कर टर्नरमामांनी लेथ बंद करून पुन्हा विचारलं, “व्हॉल्व्ह स्प्रिंग? कुठल्या गाडीच्या?” पँथर नावाच्या गाडीच्या, १९२८ च्या. मामा बराच वेळ मान हलवत होते.

गाणी लिहितानाही ब्रायन असाच विचार करतो असं मला वाटतं. ‘वुई विल रॉक यू’मध्ये पाय आणि टाळ्या एवढ्यावर गाणं उभं आहे, गिटार येते ती अगदी शेवटी. प्रेक्षकांनी काय करायचं हे त्यानं आधी ठरवलं आणि मग गाणं लिहिलं. उलट ‘थर्टी नाइन’मध्ये अंतराळात गेलेली माणसं त्यांच्या हिशेबानं एका वर्षानं परततात आणि पृथ्वीवर मात्र कितीतरी वर्षं उलटलेली असतात. त्याला चाल दिलीय लोकगीतासारखी, गातोही तो स्वतःच. या माणसानं पुढे २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेट पूर्ण केली. त्याची काही गाणी मला जड वाटली, ‘प्रॉफेट्स साँग’ अजून पूर्ण पचलेलं नाही, तरी ‘थर्टी नाइन’साठी मी त्याला काहीही माफ करीन.

आता जॉन डीकन. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला तो माणूस हाच.

वहीतलं त्याचं पान छोटंसंच. बँडमध्ये तो सर्वांत शेवटी आला, १९७१ मध्ये, आणि त्याचं पहिलं गाणं तिसऱ्या अल्बमवर आलं. स्वतःचं एकही गाणं तो मुख्य आवाजात गायला नाही. त्याचं दुसरं गाणं ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’, बायकोसाठी लिहिलेलं. त्यात वाजतो तो वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो. फ्रेडीला ते वाद्य आवडलं नाही, त्याला पियानोच हवा होता. मग जॉननं वुर्लिट्झर घरी नेला, शिकला आणि स्वतः वाजवला. वाद नाही, तक्रार नाही. गाणं तीन मिनिटांच्याही आत संपतं आणि सात महिन्यांत एकदाही मी ते पुढे ढकललेलं नाही.

‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ही त्याचंच. १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. सुरुवातीची बेसची ओळ ऐकून ओळखणार नाही असा माणूस विरळा, पण ती लिहिणाऱ्याचं नाव शंभरात पाचांना माहीत नसेल. त्यात काय नाही ते ऐका. आवाजांचे थर नाहीत, ब्रायनच्या गिटारची आतषबाजी नाही. ठोका, बेस आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. क्वीनसारख्या सगळं भरून टाकणाऱ्या बँडमध्ये इतकी जागा रिकामी सोडायला धाडस लागतं. हे वाजायला लागलं की टर्नरमामा आतून ओरडतात, “दादा, हेच ठेवा की ओ. मशिनीच्या तालात बसतंय बघा.” मामांना इंग्रजी येत नाही, बँडचं नावही लक्षात राहत नाही. ते खरंच तालात बसतं.

जॉन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. रस्त्यावरच्या भंगारात सापडलेल्या सर्किटपासून त्यानं एक छोटा ॲम्प्लिफायर केला, त्याला डीकी ॲम्प म्हणतात. ‘ऑपेरा’ अल्बमवर ब्रायनचं ‘गुड कंपनी’ आहे. त्यात शेवटाकडे जुन्या जॅझ बँडची ट्रंपेट, क्लॅरिनेट ऐकू येतात. ती वाद्यं नाहीतच. ती ब्रायनची घरी केलेली गिटार जॉनच्या भंगारातल्या ॲम्पमधून वाजतेय. मग हे गाणं ब्रायनच्या पानावर एकट्याचं म्हणून लिहायचं का? माझी मोजदाद इथे पहिल्यांदा अडकली.

रॉजरबद्दल थोडक्यात. ‘ऑपेरा’वर त्याचं एकच गाणं आहे, ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’, स्वतः गायलेलं. ते ‘बोहेमियन रॅप्सडी’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, त्यामुळे रॉयल्टी दोन्ही गाण्यांना सारखीच मिळाली आणि त्यावरून बँडमध्ये बरीच कटुता आली. गाणं मला फारसं रुचलेलं नाही. पण १९८४ चं ‘रेडिओ गा गा’ त्याचं, आणि पुढचं ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ही. रेडिओवर जीव असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ‘रेडिओ गा गा’ कुठे लागतं ते वेगळं सांगायला नको. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेंब्ली मैदानात लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत सगळं मैदान त्यावर हात वर करून टाळ्या वाजवत होतं. त्या दिवशीच्या सहा गाण्यांचा हिशेबही मी वहीत मांडला: फ्रेडी तीन, ब्रायन दोन, रॉजर एक. या वेळी कोरं पान जॉनचं. पण बेस तोच वाजवत होता.

दुसऱ्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’शी आल्यावर वहीची पद्धतच कोलमडते, कारण १९८९ च्या ‘द मिरॅकल’पासून चौघांनी सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावानं द्यायचं ठरवलं. श्रेय आणि पैसे समान. रॉयल्टीची भांडणं त्यामुळे मिटली, हे चांगलंच झालं. पण ऐकणारा म्हणून मला ते रुखरुख लावतं. ‘द शो मस्ट गो ऑन’ बव्हंशी ब्रायनचं, हे त्याच्या मुलाखतींमधून कळतं, कव्हरवरून नाही. ते गाणं मी आधी ब्रायनच्या पानावर लिहिलं. नंतर फ्रेडीनं ते आजारपणात, शेवटच्या काळात गायलं हे डोक्यात ठेवून पुन्हा ऐकलं आणि खोडलं. आता ते वहीच्या पाचव्या पानावर आहे, कुणा एकट्याची नसलेल्या गाण्यांसाठी केलेल्या. ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ही तिथेच गेलं. कल्पना आणि शब्द रॉजरचे, पण सिंगल म्हणून आपण ऐकतो ते रूप फ्रेडीनं पुन्हा बसवलेलं. हे पान हळूहळू भरत चाललंय.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिल्यांदा ऐकणार असाल तर ‘ग्रेटेस्ट हिट्स’च्या आधी ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ घ्या. बारापैकी पाच गाणी फ्रेडीची, चार ब्रायनची, एकेक जॉन आणि रॉजरचं, शेवटी ब्रायननं बांधलेलं ब्रिटिश राष्ट्रगीत. चौघांमधला फरक एका बैठकीत कळतो. आणि जुनी सीडी घेताना उजेडात तिरकी धरून बघा. माझ्या दुसऱ्या ‘हिट्स’वर बारीक चरा निघाला आणि ‘हॅमर टू फॉल’ मधेच अडकतं. विकणाऱ्यानं पैसे परत द्यायला नकार दिला. ते एक गाणं सोडलं तर तिन्ही सीडी रोज वाजतात. आज सकाळी मामांनी विचारायच्या आधीच मी जॉनचं लावलं होतं.