झुआरीनगरला खोली घेताय? घरपट्टीच्या पावतीवर भुलू नका

गोव्यात वेर्ण्याच्या कंपन्यांत राबणाऱ्या आमच्यासारख्या सांगली-जतकडच्या माणसांना परवडणारी जागा म्हणजे झुआरीनगर. पत्र्याला पत्रा भिडलेला, पाण्याची पिंपं दारातच, गल्लीत समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं. भाड्याला कंटाळून मी आणि थोरल्या भावानं तिथंच खोली विकत घ्यायची ठरवली.

एजंट आमच्याच तालुक्यातला. "दादा, गाववाल्याला फसवीन होय?" खोली दाखवली ती भर दुपारी, सगळे कामावर असताना. कुलपाची किल्ली त्याच्याकडेच. पंचायतीची घरपट्टी पावती, वीजबिल, स्टॅम्पपेपरवर नोटरी, 'शेजारी' म्हणून साक्षीदार. साडेतीन लाख रोख मोजून दिले.

सामान घेऊन गेलो तर आत एक कुटुंब जेवत बसलेलं. ते भाडेकरू. शिवाय आमच्याआधी आणखी एकजण असाच कागद नाचवून गेलेला. पावती खरी होती हो, पण ती अख्ख्या चाळीची! एकाच घर नंबरावर मागंपुढं सात-आठ खोल्या, दारावर कुठंच काही लिहिलेलं नाही. मग ती पावती कुठल्याही दाराला चालते. साक्षीदाराला तर गल्लीत कुणी ओळखतच नव्हतं. एवढ्या दाटीत नवा चेहरा कोण बघतो?

मुळात तिथली बरीचशी जमीन सांकवाळ कोमुनिदादची, म्हणजे गावची सामाईक जमीन ज्या जुन्या गावसंस्थेच्या मालकीची असते तिची. घरपट्टी भरली म्हणून मालकी येत नाही. शंभर रुपये किंवा त्यावरच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीला १९०८ च्या कायद्यानं नोंदणी लागते, नोटरीचा शिक्का तिथं कामाचा नाही. सर्वे नंबर मागा, एक-चौदाचा उतारा (आपल्याकडच्या सातबारासारखा) काढा. मालक म्हणून कोमुनिदादचं नाव दिसलं तर त्या एजंटाचा चहासुद्धा घेऊ नका. खोली बघायची तर रात्री आठनंतर जा आणि आत राहणाऱ्या बाईशी बोला. तिला सगळं ठाऊक असतं.

तक्रारीला एकटं गेलात तर प्रकरण दिवाणी वादासारखं दिसतं. आम्ही त्या दुसऱ्या माणसाला सोबत नेलं. एकच खोली दोघांना विकली म्हटल्यावर ती सरळ फसवणूक ठरते: पूर्वीचं चारशेवीस, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पैसे अजून मिळालेले नाहीत.

सध्या नवं आमिष फिरतंय. २०२५ मध्ये गोवा विधानसभेनं कोमुनिदाद संहितेत, म्हणजे या जमिनींच्या कायद्यात, दुरुस्ती केल्यापासून "खोली घ्या, कायदेशीर करून देतो" असं सांगत हे लोक फॉर्मचेही पैसे उकळतायत. दुरुस्ती आहे ती २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या घरांसाठी. ही तारीख एजंट स्वतःहून कधीच सांगत नाही.